मास्कारेपुढचा पावा

पेरूयां
रविवार, ६ नोव्हेंबर १९८३

चिरंजीव ओदील,

मामाचा आशीर्वाद. तुझ्या आईला सांग, भाऊ अजून आहे आणि द्राक्षं वेळेत उतरली.

आता कामाचं. माझा पावा गेला. चुलीजवळच्या फळीवर राहिला, लाकूड सुकलं आणि फुंकायच्या भोकापासून खालपर्यंत चीर पडली. मेण भरून पाहिलं, दोरा गुंडाळून पाहिला, सगळा वारा चिरेतून जातो. मला नवा हवा. दोन वीत लांबीचा, एकाच लाकडाचा, सहा भोकांचा, आडवा धरायचा. चाव्याबिव्या नकोत. तू बोर्दोला पोरांना बासरी शिकवतेस, तेव्हा तुला लाकडातलं आणि सुरातलं कळत असणार असं धरून चालतो.

घाई अशासाठी की एक मार्चला बाझासला खाटकांकडे जाणाऱ्या पोसलेल्या बैलांची मिरवणूक आहे. यंदा आपल्या गावातून सिदोनीचा मास्कारे जाणार. हजार किलोच्या वर भरेल. तो वासरू होता तेव्हापासून मी त्या गोठ्यात बसून वाजवत आलोय. सिदोनी परवा मला म्हणाली, "एलोआ, ही त्याची शेवटची वाट आहे. ती त्याने ओळखीच्या सुरामागे चालावी. परका पावा असेल तर मी त्याला गोठ्याबाहेर काढणार नाही." तिचं बरोबर आहे. एवढा मोठा बैल गर्दीत बुजला तर माणसं चेंगरतील. आणि गावचा पावा नसला तर नदीपलीकडचे वाजवणारे बोलवावे लागतील. ते लोक तीस वर्षं टपून बसलेत.

तेव्हा एक चांगला पावा निवड आणि पाठव. तुझ्यावर विश्वास आहे, फार चिकित्सा करू नकोस.

तुझा
एलोआमामा


बोर्दो
१९ नोव्हेंबर १९८३

प्रिय एलोआमामा,

तुझं पत्र पाहून आधी घाबरले. गेल्या वर्षी फोन घेतलास ना? मग पाव्यासाठी चार दिवस पोस्टाची वाट बघत बसायचं कारण काय? मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणीतरी उचलला, श्वास ऐकू आला आणि ठेवला. आई म्हणते, तो तूच.

असो. जुन्या बंदराजवळच्या वाद्यांच्या दुकानात अख्खी दुपार घालवली. तीन पावे वाजवले. मेपलचा हलका होता आणि आवाजही पातळ. नाशपातीच्या लाकडाचा गोड, पण वरच्या पट्टीत दमतो. तिसरा काळ्या आबनूसचा, टोकांना चांदीच्या कड्या. दुकानदाराने पियानोचा सूर धरला, मी सहाही बोटं एकेक करून उचलली, एकही सूर तसूभर हलला नाही. मामा, अशी सफाई मी आजवर पाव्यात ऐकली नव्हती. तोच पाठवते आहे. माझी भेट समज.

पहिले दोन आठवडे दिवसाला दहा मिनिटांच्या वर वाजवू नकोस आणि आतून बदामाचं तेल लाव. चुलीजवळ ठेवलास तर मात्र तुझं-माझं जमणार नाही.

तुझी
ओदील


पेरूयां
२७ नोव्हेंबर १९८३

चिरंजीव ओदील,

पावा मिळाला, परत पाठवतो आहे. राग मानू नकोस. वाजवून पाहिला. छान आहे, मांडवात लग्नाला चालेल. बैलाला चालणार नाही.

चूक तुझी नाही, माझी. मी तुला सांगायला हवं होतं की पावा दुकानात निवडत नाहीत. दुकानात भिंती असतात आणि भिंती वाईट पाव्यालाही साथ देतात. आणि सूर बरोबर आहे म्हणतेस, तर कुणाच्या मते बरोबर? मास्कारेने पियानो पाहिलेला नाही.

तू आनसॅल्म कातारीकडे जा. बाझासच्या अलीकडे, सायप्रसच्या रांगेमागे त्याचं छप्पर आहे. आयुष्यभर दारूच्या पिंपांना लाकडी तोट्या कातल्या त्याने, आणि मधेमधे पावे. माझाही त्यानेच केला. बुईच्या झुडपाचं पिवळं, घट्ट लाकूड असतं त्याच्याकडे, वर्षानुवर्षं सावलीत वाळवलेलं. तो हाताचं माप घेतो आणि जिथे बोट पडेल तिथे भोक पाडतो, म्हणून दर माणसाचा पावा वेगळा होतो. माप तुझ्याच हाताचं दे. मला इकडे वेलींच्या छाटणीतून सवड नाही, आणि तुझा-माझा हात काही फार वेगळा नाही.

फोनवर खरखर येते. पत्र बरं.

तुझा
एलोआमामा


बोर्दो
१२ डिसेंबर १९८३

प्रिय एलोआमामा,

काल आनसॅल्मकडे जाऊन आले. नंतर तुझ्या दाराशी आले तर कुलूप. रविवारी भर दुपारी कसली छाटणी? अंगणात कुत्रं होतं, चुलीतून धूर येत होता, तू मात्र नाहीस. सिदोनीमावशीला विचारलं, तर ती नुसती हसली आणि मला अर्धा डझन अंडी दिली.

आनसॅल्म ऐंशीच्या पुढचा असेल. त्याने तीन लाकडं समोर ठेवली आणि म्हणाला, "निवड."

"कशावरून निवडू?"

"नवरा निवडलास तशी."

"मी नवरा केलेला नाही."

"मग अजून चूक झालेली नाही तुझी. बघ नीट."

मी रेषा पाहिल्या. एकाला टोकाशी गाठ होती, ते बाजूला ठेवलं. उरलेली दोन त्याने बोटाच्या सांध्याने वाजवून दाखवली. एक बद्द वाजलं, दुसरं मोकळं. मोकळं घेतलं. ते अकरा वर्षांपूर्वी कापलेलं, त्याची बायको गेली त्या साली. मग त्याने पट्टीवर ओली माती थापली आणि म्हणाला, "पावा धरतेस तसा हात धर. मान ताठ. बासरीच्या बाईंसारखी नको, तीन तास चालत वाजवायचंय अशी धर." मातीत सहा ठसे उमटले. मी म्हटलं, "पण हा माझ्या मामासाठी आहे." त्याने ठशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "असं का," म्हणाला आणि लेथ सुरू केला.

मामा, दोन गोष्टी. एक, तुझं बोट माझ्या दोन बोटांएवढं आहे. लहानपणी तू मला तीन धुना शिकवल्यास तेव्हा तुझ्या पाव्याची भोकं माझ्या हाताला कधी पोचलीच नाहीत, म्हणून मी शिट्टीवर शिकले. हात सारखे असं तू कसं लिहिलंस? तुझी बोटं आखडली आहेत का? तसं असेल तर लपवू नकोस, इथे चांगले डॉक्टर आहेत. दुसरी, आबनूसचा पावा तू वाजवून पाहिलास म्हणतोस. दुकानदाराने आत खोचलेला कापडाचा बोळा तसाच होता. बोळ्यासकट तू कसा वाजवलास?

मला वाटतं, माझी निवड तुला आधीपासूनच पटायची नव्हती. शाळेत शिकवणारी भाची, तिला काय कळतंय. तसं असेल तर तसं सांग.

पावा जानेवारीत तयार होईल. नाताळला आई तुझी वाट बघते आहे.

तुझी
ओदील


पेरूयां
३ जानेवारी १९८४

ओदील,

मी सिदोनी, मास्कारेची मालकीण. मी पत्रं लिहिणारी बाई नाही, म्हणून थोडक्यात.

तुझा मामा नाताळला सर्दीमुळे आला नाही असं त्याने कळवलं असेल. सर्दी नव्हती. तू डिसेंबरात आलीस तेव्हा तो माझ्या गोठ्यात बैलाच्या मागे लपला होता, अंगाला गवत लावून. मला म्हणाला, तिला सांगितलंस तर बघ. मी सांगितलं नाही. लिहायचं नाही असं तो म्हणाला नव्हता.

त्याचे पुढचे सगळे दात सप्टेंबरात काढले. वर कवळी आहे, ती फुंकर मारली की हलते. पावा वाजत नाही. बोलतानाही शीळ येते, म्हणून फोन उचलून ठेवतो. त्याच्या पाव्याला काहीही झालेलं नाही, खुंटीवर आहे. चीर त्याने पत्रातच पाडली. तो नवा पावा त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. पहिल्या दिवसापासून तुझ्यासाठीच होता. तूच वाजवावंस असं त्याला वाटतं आणि विचारायला त्याची जीभ रेटत नाही.

चार महिने गोठ्यात सूर नाही. मास्कारे खातो, पण संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून उभा राहतो. मला ते बघवत नाही. आठ आठवडे उरलेत. काय ते ठरव.

सिदोनी


बोर्दो
८ जानेवारी १९८४

मामा,

मी चिडले आहे, म्हणून प्रिय लिहिलेलं नाही.

सिदोनीमावशीचं पत्र आलं. तिच्यावर डाफरू नकोस. दोन महिने मी लाकूड, भोकं, सूर करत बसले आणि तू मला अशी गोल गोल फिरवत राहिलास. मला वाटलं, तुला माझी अक्कल कमी वाटते. रात्री झोप लागली नाही एकदा त्यापायी. दात गेले तर गेले, त्यात भाचीपासून लपण्यासारखं काय होतं? गोठ्यात, मामा? बैलामागे?

आणि सरळ का नाही विचारलंस? सरळ विचारलं असतंस तर मीही सरळ सांगितलं असतं की मला भीती वाटते. मी खुर्च्यांवर शांत बसलेल्या लोकांपुढे वाजवते. पुढ्यात कागद असतो. तीन तास चालत, थंडीत, पाठीमागे हजार किलोचा बैल घेऊन मी कधी वाजवलेलं नाही. तो माझ्यामुळे बुजला आणि कुणाला लागलं तर? सिदोनीमावशीने त्याला इतकी वर्षं जपलं, त्याचा शेवटचा दिवस माझ्या हातून नासला तर?

उत्तर पाठव. आणि या वेळी खरं लिही.

ओदील


पेरूयां
१३ जानेवारी १९८४

चिरंजीव ओदील,

खरं लिहितो.

सरळ विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस की वेळ नाही, आणि ते बरोबरच म्हणाली असतीस. तुझी शाळा आहे, परीक्षा आहेत. म्हाताऱ्या मामाने दात दाखवून भीक मागावी आणि भाचीने दयेने हो म्हणावं, ते मला नको होतं. मला वाटलं, आधी तिच्या हातात तिच्या मापाचा पावा पडू दे. लाकूड हातात आलं की माणूस वाजवल्याशिवाय राहत नाही. मी स्वतः तसाच सापडलो होतो.

लपलो, कारण लाज वाटली. तुझ्या मनात मी पावा वाजवणारा मामा आहे. बोळक्या तोंडाचा मामा तुला दाखवायचा नव्हता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे चणे पुष्कळ आहेत, पोरी. सत्तर-ऐंशी धुना आहेत डोक्यात, आणि बाहेर यायला वाट नाही. मिरवणुकीत माझ्या जोडीला वाजवणारा फिर्मां ढोल घेऊन येतो, आम्ही दोघे बसतो. तो ठेका धरतो, मी बोटं हलवतो. आवाज काही येत नाही. मग आम्ही सूप पितो, उरलेल्या सुपात वाइन ओतून तीही पितो, आणि तो घरी जातो.

तुझी अक्कल मला कधीच कमी वाटली नाही. तसं तुला वाटू दिलं, ही माझी मोठी चूक. माफ कर.

बैलाची भीती रास्त आहे. त्यावर उपाय एकच, गोठ्यात येऊन वाजव. रविवारी ये. कवळी लावून दार उघडतो.

तुझा
एलोआमामा


बोर्दो
६ फेब्रुवारी १९८४

प्रिय एलोआमामा,

काल निघताना सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

चार रविवार झाले. पहिल्या रविवारी मी हट्टाने आबनूसचा आणला होता, आठवतं ना. दोन सूर झाले आणि मास्कारेने पार्श्वभाग भिंतीला लावला, सिदोनीमावशीचं दूध काढायचं स्टूल मोडलं. तू वाकून त्याचे तुकडे गोळा केलेस. ते मला जास्त लागलं.

मग मी आनसॅल्मचा बुईचा पावा घेतला आणि माझी खरी चूक तिथे सुरू झाली. वरून तिसरं भोक उघडलं की जो सूर येतो तो मधलाच कुठलातरी, धड वरचा नाही धड खालचा नाही. माझ्या कानाला तो टोचला. मी ते भोक बोटाने अर्धं झाकून सूर बरोबर करायला लागले. वीस वर्षं मुलांची बोटं सरळ करते आहे, तशी पाव्याचीही करायला गेले. बैल पळाला नाही, पण रवंथ थांबवून उभा राहिला. फिर्मांकाकांचा ठेका दोनदा चुकला, आणि ते झोपेतसुद्धा चुकत नाहीत. सिदोनीमावशी म्हणाली, "छान वाजवतेस ग. रेडिओवर ऐकते मी असं." तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. तीन रविवार मला वाटत राहिलं की बैलच हट्टी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

काल थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. तिसरं बोट भोकावर टेकेचना, सूर उघडा राहिला. मास्कारेने मान खाली घातली आणि चारा ओढला. फिर्मांकाका मान डोलवायला लागले. मी तेच पुन्हा वाजवलं, या वेळी मुद्दाम. आणि मामा, तेव्हा मला ती धून ऐकू आली, तू वाजवायचास ती. तुझा तिसरा सूर तुझ्या बोटाने ठरवलेला होता, माझा माझ्या बोटाने. दोन्ही जरा वाकडे, पण वाकडेपण एकाच घराण्याचं. आनसॅल्मने भोक चुकीच्या जागी पाडलं नव्हतं. मीच ते झाकत होते.

तर निवड झाली. बुईचा. आबनूसचा मी शाळेसाठी ठेवते, तो बिचारा तिथे शोभेल.

भीती आहेच अजून. एक मागणं आहे, त्या दिवशी माझ्या नजरेसमोर राहू नकोस. तुझं तोंड दिसलं की मी नऊ वर्षांची होते. मागे रहा, सिदोनीमावशीजवळ.

तुझी
ओदील


पेरूयां
रविवार, ४ मार्च १९८४

चिरंजीव ओदील,

गुरुवारी मिरवणुकीनंतर जेवणाच्या वेळी बोलायला सवड झाली नाही. तुझ्याभोवती माणसं होती आणि मी कोपऱ्यात मऊ तुकडे शोधत होतो.

तुला पुढचा रस्ता दिसत होता, मागे काय झालं ते मी सांगतो. पहिल्या खाटकाच्या दुकानापाशी नदीपलीकडच्यांचे चार पावे एकदम सुरू झाले, तिथे मास्कारे थांबला. फुलांचा मुकुट एका शिंगावर कलला. लोक दोन्हीकडून पुढे रेटत होते. सिदोनीने दोर माझ्या हातात दिला. बैलाच्या मानेची कातडी थरारत होती. मी मनात म्हटलं, आता हा उधळणार.

तू थांबली नाहीस. मी असतो तर थांबलो असतो, वळून त्या चौघांच्या सात पिढ्या काढल्या असत्या, आणि तोवर बैल चर्चच्या पायऱ्यांवर गेला असता. तू धून पुन्हा पहिल्यापासून धरलीस, मोठ्याने नाही, सावकाश. तो तिसरा सूर उघडा सोडलास. फिर्मांने ढोल तुझ्या पावलाला जुळवला. मास्कारेने कान पुढे केले, एक मोठा श्वास सोडला आणि पाय उचलला. मग चौकापर्यंत तो थांबला नाही. अकराशे चाळीस किलो भरला. काट्यावरून उतरल्यावर सिदोनीने त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि काहीतरी बोलली. मी जरा लांब सरकलो. नंतर मला म्हणाली, "मनासारखं झालं." तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता माझं. एकोणीसशे एकोणतीसपासून, लढाईची वर्षं सोडली तर, मी त्या रस्त्यावर वाजवत आलोय. वाजवणारा सगळ्यांच्या पुढे असतो. त्याला त्याचाच श्वास ऐकू येतो, बोटं गारठलेली असतात, वळण कुठे आहे याची चिंता असते. दुसऱ्या गावांचे पावे मी खूप ऐकले. आपल्या गावचा कधी ऐकला नव्हता, कारण तो माझ्याच तोंडाला असायचा. गुरुवारी मी पहिल्यांदा मागे चाललो. सूर पुढून येतो, बैलाच्या पाठीवरून आपल्याकडे येतो, ढोल पोटात वाजतो, आणि पाय आपले आपण पडायला लागतात. माझा गुडघा दुखत होता, तो दुखायचा राहिला. दारात उभ्या असलेल्या बायका आपल्याकडे बघून हसत होत्या, आणि मीही त्यांच्याकडे बघून हसलो, कवळीची पर्वा न करता.

ओदील, हे इतकं चांगलं असतं ते मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मी लोकांना हे देत होतो आणि काय देतोय त्याचा मला पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, "एलोआ, आज मजा आली," आणि मला वाटायचं, वाइन चांगली असेल. दात शाबूत राहिले असते तर मी हे न ऐकताच मेलो असतो.

तिथेच, दोर धरून चालता चालता मला रडू आलं. सिदोनीने पाहिलं. ती म्हणाली, "एलोआ, बैल माझा आहे. मी रडत नाहीये, तू कशाला रडतोस?"

मी म्हटलं, "मला आनंद झालाय. दोर धर जरा, मला डोळे पुसायचेत."

तुझा
एलोआमामा